लाकडी जहाजाची पहिली प्रतिकृती: सांगाडा, घासाई आणि फळ्या

बडोद्याच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे ७२ फुटांचा. लाकडी जहाजाची प्रतिकृती करायला घेण्याआधी तो एकदा सावकाश बघून या. मधून कणा जातो, त्याला दोन्ही अंगांनी बरगड्या लागतात आणि प्रत्येक बरगडी शेजारच्या बरगडीपेक्षा किंचितच वेगळी असते. एकदम लहानमोठी होत नाही. त्यांच्यावरून कातडं ताणलं तर कुठे खड्डा पडणार नाही, कुठे टेंगूळ येणार नाही. लाकडी जहाजाचं अंग असंच घडतं. कातड्याच्या जागी पाच मिलिमीटर रुंदीच्या फळ्या येतात, एवढाच फरक.

नवशिक्यांचा जीव बहुतेक वेळा डोलकाठी, शीड आणि दोरांत अडकलेला असतो. प्रतिकृती बिघडते ती मात्र त्याच्या कितीतरी आधी, बरगड्या नीट न घासल्यामुळे आणि फळ्या जबरदस्तीने वाकवल्यामुळे. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा या दोन कामांना दिली आहे.

पहिलं जहाज कोणतं?

आंग्र्यांच्या आरमारातली गुराब डोळ्यांसमोर असेल तर ती जरूर करा, पण तिसऱ्या खेपेला. गुराबीला दोन-तीन डोलकाठ्या, शिवाय तोफा. एका तोफेच्या गाड्याला चार चाकं धरली तर वीस तोफांची ऐंशी चाकं होतात, आणि ती सगळी एकसारखी लागतात. पहिल्या खेपेला एका डोलकाठीचा, तिरक्या शिडाचा मचवा घ्या. कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरच्या या घाटाच्या होड्यांना दोर थोडे, शीड एकच आणि अंगाचा बाक मात्र खरा. शिकायचं ते सगळं त्यात आहे.

पुढची सगळी मापं १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद मचवा धरून दिली आहेत. १:३० या प्रमाणात तो ४० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद होतो. एवढं जहाज जेवणाच्या टेबलावर मावतं आणि त्याचे भाग बोटांत धरता येतात. याहून लहान केलं तर काम सोपं होईल असं वाटतं, पण उलट होतं. २० सेंमीच्या होडीची फळी अडीच मिमी रुंद येते, ती कटरखाली चिरते.

प्रमाण ठरलं की जाड कागदाचा एक माणूस कापून ठेवा. १ मीटर ६५ सेंमीचा माणूस १:३० ला ५५ मिमी भरतो. कठडा, सुकाणूचा दांडा, पाण्याचं पिंप असं काहीही केलं की त्याला शेजारी उभं करा. कठडा त्याच्या छातीपर्यंत आला तर तो उंच झाला, हे मोजपट्टीपेक्षा आधी डोळ्याला कळतं.

हत्यारं

पहिल्या जहाजाला यंत्र लागत नाही. चांगलं कटर आणि भरपूर पाती घ्या. पातं बोथट झालं की ते लाकूड कापत नाही, दाबतं, आणि फळीची कड चेपते. ३० सेंमीची स्टीलची पट्टी, सुताराचा छोटा गुण्या, व्हर्निअर कॅलिपर, फ्रेटसॉ आणि त्याची बारीक दातांची पाती, बारीक कानसांचा एक संच, ०.६ ते १ मिमीची बिटं बसणारं हातानं फिरवायचं ड्रिल, एक ट्वीझर. काचपेपर ८०, १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरचा. कपड्यांचे चिमटे दोन डझन, स्टेशनरीच्या दुकानातल्या काळ्या क्लिपा एक डझन आणि रबरबँड. फळ्या वाकवायला घरातली साधी इस्त्री चालते.

फ्रेटसॉसाठी टेबलाच्या कडेला एक पाटी क्लॅम्प करा आणि तिला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा. प्लाय त्या खाचेवर ठेवून करवत खाली-वर चालवायची. आधाराशिवाय हातात धरून कापलं तर प्लाय थरथरतो आणि दर दोन मिनिटांनी पातं तुटतं. पात्याचे दात खाली वळलेले हवेत, कापण्याचा जोर खाली ओढताना येतो.

घासताना तोंडाला मास्क हवाच. सागवानाचा भुसा नाकात-घशात झोंबतो, काहींच्या कातडीवर पुरळ येतं. पंख्याखाली घासू नका. ओलं फडकं शेजारी ठेवा.

लाकूड

खरी जहाजं सागवानाची, म्हणून प्रतिकृतीही सागवानाची असं मनात येतं. सागवानाची थोरवी मोठीच आहे. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट जातीची युद्धनौका आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. पण लाकडाचे रेषे आणि छिद्रं १:३० ला लहान होत नाहीत. सागवानाची ठळक नस छोट्या होडीवर हातभर रुंद भेगांसारखी दिसते. अंगावर फळ्यांचे दोन थर बसतात, आतला आणि बाहेरचा. बाहेरच्या थराला सागवान वापरायचं असेल तर अर्ध्या मिमीचं सरळ नसेचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, निवडा, महिरपीसारख्या नक्षीचं नको. सागवानात नैसर्गिक तेल असतं. चिकटवण्याच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसलं नाही तर काही महिन्यांनी फळी सुटते.

आतल्या फळ्यांना आणि बारीक भागांना शिवण उत्तम. हलकं, मऊ, आणि वाकताना समजूतदार. हेद, ज्याला गुजरातीत हळदरवो म्हणतात, ते पिवळसर आणि बारीक पोताचं लाकूड मिळालं तर सोडू नका. त्याच्यावर कटरची रेघ स्वच्छ येते. कण्याला ४ मिमी आणि बरगड्यांना ३ मिमी प्लाय घ्या. एमडीएफ स्वस्त आहे, पण फेविकॉलच्या ओलाव्याने त्याची कड फुगते आणि टाचणी धरत नाही.

पट्ट्या तयार मिळाल्या नाहीत तर सुताराकडून काढून घ्या. त्याला ५० सेंमी लांब, २० सेंमी रुंद शिवणीची फळी रंधून बरोबर ५ मिमी जाड करायला सांगा. मग तिच्या कडेवरून २ मिमीच्या पट्ट्या चिरायच्या. करवतीचं पातं दर चिरेला साधारण ३ मिमी भुसा करतं. म्हणजे एका पट्टीला ५ मिमी गेले आणि २० सेंमीतून ४० पट्ट्या निघाल्या. आपल्याला लागतात ३२, आठ मोडायला. २ मिमीच्या पट्ट्या घासून दीड मिमीवर आणा. चिरताना नस पट्टीच्या लांबीला समांतर हवी. तिरकी नस असलेली पट्टी बाक येताच नेमकी नसेवरून फुटते.

बडोद्याची हवा इथे मोठी गोष्ट आहे. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वरचा कोरडा उन्हाळा आणि जुलैत भिंतींना ओल. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आक्रसतं. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या बसवल्या तर एप्रिलमध्ये दर दोन फळ्यांच्या मध्ये बारीक रेघ उघडते. फळ्यांचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, आणि विकत आणलेलं लाकूड त्याच खोलीत दोन-तीन आठवडे पडू द्या. पावसाळा कापाकापी, डोलकाठी आणि शिडासाठी ठेवा.

उत्तरायणानंतर गच्चीत आणि झाडांत फाटके पतंग सापडतात, ते गोळा करा. त्यांची कमान म्हणजे चिवट, सरळ नसेच्या बांबूची आयती काडी. सोनार तार ओढायला वापरतात ती भोकांची पोलादी पट्टी, जंत्री, हत्यारांच्या दुकानात मिळते. तिच्यातून ही काडी १.२, १.०, ०.९ आणि ०.८ मिमी अशी क्रमाने ओढली की गोल खुंट्या तयार होतात. धातूची तार भोकाच्या रुंद बाजूने घालतात. बांबू अरुंद बाजूने घाला, म्हणजे भोकाची धार त्याला तासते. रुंद बाजूने घातला तर तो नुसता चेपतो आणि नंतर परत फुगतो. पठाण (कण्याखालून जाणारा जहाजाच्या तळाचा लांब वासा), सुकाणू, कठड्याचे खांब जिथे नुसत्या फेविकॉलवर भरवसा नाही तिथे ही खुंटी घाला.

आराखडा आणि कापणी

झेरॉक्सच्या दुकानात आराखडा छापताना चूक होते ती ‘कागदात बसवा’ या पर्यायाने. छपाई दोन-तीन टक्क्यांनी लहान येते आणि बरगड्या कण्याच्या खाचेत सैल बसतात. आराखड्यावर आधीच १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ मारून ठेवा. छापून झाल्यावर दोन्ही मोजा. ९९ भरली तरी परत छापायला सांगा.

कागद प्लायवर फेविकॉलने चिकटवू नका, तो ओला होऊन ताणतो. ग्लू स्टिक वापरा.

आराखड्यातली बरगडीची रेघ फळ्यांच्या बाहेरची आहे की आतली हे पाहा. बाहेरची असेल तर बरगडी सगळीकडून २ मिमी आत कापायची, कारण दीड मिमीचा आतला थर आणि अर्धा मिमीचा वरचा थर तिच्यावर बसणार आहे. हे विसरलं तर जहाज ४ मिमी रुंद होतं, आणि प्रमाणाच्या हिशेबाने ते १२ सेंमी आहे.

आपल्या मचव्याला ११ बरगड्या, ३५ मिमीच्या अंतराने. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या बाजूला बाक वेगाने बदलतो, तिथे अंतर कमी करून एक बरगडी जास्त घातली तर नुकसान काही नाही. रेघेच्या अर्धा मिमी बाहेरून कापा आणि कानसेने रेघेवर या. प्रत्येक बरगडीवर मधली उभी रेघ, पाण्याच्या पातळीची आडवी रेघ आणि नंबर पेनाने लिहा. पेन्सिल घासताना पुसली जाते.

सांगाडा

प्लायचा कणा आधी काचेवर आडवा ठेवून पाहा. मग कडेवरून, बंदूक रोखल्यासारखा एक डोळा मिटून पाहा. एक मिमीचा बाकसुद्धा पुढे जहाजाला केळ्यासारखं करेल. वाकडा असेल तर दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसून दोन जाड काचांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवा. तरी सरळ आला नाही तर नवा कापा. फळ्या लावल्यावर सरळ होईल ही आशा खोटी ठरते. फळ्या तो बाक कायमचा पक्का करतात.

बरगडीची खाच कण्यावर हातानं, ठोकल्याशिवाय बसली पाहिजे. घट्ट बसवली तर कणा फाकतो. सैल असेल तर खाचेत व्हिनिअरची चकती घाला, फेविकॉलने जागा भरू नका. चिकटवताना प्रत्येक बरगडीला गुण्या दोन्हीकडून लावा, कण्याशी काटकोन आणि उभा काटकोन. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त चिकटवू नका. हिवाळ्यात फेविकॉलची पकड अर्ध्या तासात येते, पावसाळ्यात दोन तास धरा. पूर्ण ताकद यायला दोन्ही वेळा एक रात्र.

कण्याच्या खालच्या कडेला पठाणाच्या वर एक खाच लागते. तिच्यात सगळ्यात खालची फळी बसते. ही खाच बरगड्या बसवण्याआधीच कोरा, दोन्ही बाजूंना, मध्ये कण्याचं लाकूड उरेल इतपतच खोल. नाळेवरही तशीच. नंतर कोरायला गेलं तर कटर फिरवायला जागाच उरत नाही. ही खाच नसेल तर फळीची कड पठाणावर नुसती टेकते, आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथली रेघ उघडते.

नाळेकडच्या पहिल्या दोन बरगड्यांच्या मधली जागा पाइनच्या ठोकळ्याने भरून आकारात घासा. तिथे बाक इतका तीव्र असतो की फळीला टेकायला दोन बारीक कडा पुरत नाहीत. खोक्याच्या लाकडाचा ठोकळा चालेल, गाठ नको.

घासाई

बरगडीची कड काटकोनात कापलेली असते आणि फळी तिच्यावरून तिरकी जाते. कड तशीच ठेवली तर फळी बरगडीच्या एकाच कोपऱ्यावर टेकते. ३ मिमीच्या कडेपैकी पाव मिमी. चिकटायला जागा नाही, आणि दाबलं की फळीला कोपरा पडतो. म्हणून प्रत्येक बरगडीची कड फळीच्या दिशेने तिरकी घासायची. पुढच्या बरगड्यांची पुढची कड जाते, मागच्यांची मागची. मधल्या दोन-तीन जवळजवळ तशाच राहतात.

२५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद, सपाट लाकडी पट्टीला ८० नंबरचा काचपेपर चिकटवा. पट्टी नेहमी किमान तीन बरगड्यांवर टेकलेली हवी आणि हात पुढून मागे, फळी जाणार त्या वाटेने चालला पाहिजे. काचपेपर बोटांत धरून एकेक बरगडी घासली की प्रत्येकीला आपापला खड्डा पडतो. कोणत्याही बरगडीवर घासाईआधी कडेला पेन्सिलची जाड रेघ मारा, तिच्या जहाजाच्या मध्याकडल्या कोपऱ्याची रेघ शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे. ती पुसली गेली म्हणजे बरगडी तिरकी झाली नाही, लहान झाली.

आता पारख. दीड मिमीची एक पट्टी घ्या, चिकटवू नका, दोन टाचण्यांनी पहिल्या आणि शेवटच्या बरगडीवर टेकवा. ती स्वतःच्या वजनाने सगळ्या बरगड्यांना स्पर्श करत गेली पाहिजे. खिडकीसमोर धरून पट्टीखालून उजेड येतो का पाहा. उजेड आला तर ती बरगडी बसकी आहे, किंवा तिच्या शेजारच्या दोन उंच. कोणती ते कळायला पट्टी एक बरगडी पुढे-मागे सरकवून पाहा. बसक्या बरगडीला व्हिनिअरची पट्टी चिकटवून परत घासा. उंच असेल तर घासून उतरवा. हे डेकच्या कडेला, पोटाच्या गोलाईवर आणि पठाणाजवळ अशा तीन ओळींत, दोन्ही बाजूंना करा. या कामाला दोन संध्याकाळी द्या. इथे वाचवलेला एक तास पुढे आठवडाभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरण्यात जातो.

शेवटी डोळे मिटून बोट पुढून मागे फिरवा. डोळ्याला न दिसलेली अर्ध्या मिमीची पायरी बोटाला लागते.

फळ्या

जहाजाचं पोट मध्ये फुगलेलं आणि टोकांना निमुळतं. म्हणून सारख्या रुंदीच्या फळ्या त्याच्यावर बसत नाहीत. पाच मिमीची पट्टी सरळ लावत गेलं तर नाळेकडे फळ्या एकमेकींवर चढतात, आणि नवशिक्या त्यांना ओढून, पिन मारून खाली बसवतो. तिथून अंग वेडंवाकडं होतं. फळी कुठे निमुळती करायची याचं गणित सोपं आहे.

कागदाची पट्टी मधल्या बरगडीवर डेकच्या कडेपासून पठाणापर्यंत वळवा आणि खुणा करा. समजा ८० मिमी भरले. ५ मिमीच्या फळ्या म्हणजे एका बाजूला १६. आता नाळेजवळच्या बरगडीवर तसंच मोजा. ४८ मिमी भरले तर तिथे प्रत्येक फळी ४८ भागिले १६, म्हणजे ३ मिमी रुंद हवी. प्रत्येक बरगडीवर अशी मापं काढून पेन्सिलने १६ खुणा करा. मग प्रत्येक फळी कुठे किती रुंद हे आधीच ठरलेलं असतं.

दोन अडचणी येतात. नाळेकडे फळी अडीच मिमीपेक्षा, म्हणजे मूळ रुंदीच्या निम्म्याहून, अरुंद यायला लागली तर तिला टाचणी धरत नाही आणि टोक चिरतं. तिथे दोन फळ्यांची एक करा, म्हणजे एक फळी शेवटच्या दोन बरगड्यांआधी थांबवून शेजारणीत खाच पाडून बसवा. उलट मागच्या बाजूला, सुकाणूकडे, घेर वाढून ८८ मिमी भरला तर १६ फळ्यांना साडेपाच मिमी लागतात आणि आपली पट्टी ५ चीच आहे. तिथे फळ्या ओढून जागा भरू नका. त्यांना सहज जाऊ द्या आणि शेवटी उरलेल्या ८ मिमीच्या पाचरीसारख्या जागेत लांब निमुळता तुकडा बसवा. खऱ्या जहाजांतही असे तुकडे असतात, तो दोष नाही.

निमुळती करताना पट्टीची एकच कड कापा, आधी लावलेल्या फळीला भिडते ती. दोन सारख्या फळ्या एकत्र क्लिपेत धरून रंधा किंवा १२० च्या काचपेपरने घासा, एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची.

वाकवण्याचं. फळी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. दीड मिमी शिवणीला एवढं पुरतं. तासभर बुडवली तर रेषे उठतात. ओली फळी सांगाड्यावर रबरबँड आणि चिमट्यांनी, फेविकॉलशिवाय, बसवून रात्रभर सोडा. सकाळी ती बाक धरून ठेवते आणि वाळलेली असते. मगच चिकटवा. ओलीच चिकटवली तर वाळताना आक्रसते आणि शेजारच्या फळीपासून अर्धा मिमी दूर जाते, सगळी फट नंतर दिसते. घाई असेल तर ओल्या फळीवर इस्त्री हळूहळू ओढा, वाफ निघते तोवर फळी वळते. वाफ थांबली की इस्त्री उचला, पुढे फक्त करपणार.

फळी सपाट बाजूने सहज वाकते. कडेच्या बाजूने, म्हणजे तलवारीसारखी वाकवायची असेल तर ओली करून पाटीवर टाचण्यांच्या मध्ये अडकवा, वरून इस्त्री द्या आणि हव्या त्याहून थोडी जास्त वाकवा. सुटल्यावर ती थोडी परत येते. हे न करता चिकटवताना बोटाने ओढली तर फळीची एक कड बरगडीवरून उचलते.

क्रम असा ठेवा. पहिली फळी डेकच्या कडेला, पूर्ण लांबीची. ही रेघ बाहेरून सतत दिसणार आहे, म्हणून लावल्यावर लांबून, बाजूने, समोरून पाहा. कुठे लाट दिसली तर फेविकॉल ओला असतानाच सोडवा. तिच्याखाली तीन फळ्या. मग पठाणाला लागून असलेल्या खाचेतली फळी. इथे चूक ठरलेली. ती नाळेवर वरपर्यंत चढवायचा मोह होतो, कारण ती तिकडे आपोआप वळते. चढवली की वरच्या सगळ्या फळ्यांची जागा खाते. नाळेचा बाक सुरू होतो तिथेच ती संपवा. मग वरून एक, खालून एक असं करत पोटाच्या गोलाईवर शेवटची फट मिटवा.

एक फळी डावीकडे लावली की लगेच तीच फळी उजवीकडे. एका बाजूला सलग चार-पाच लावल्या तर वाळताना त्या कण्याला आपल्याकडे ओढतात आणि पठाण पिळतो. पिळलेलं जहाज पुन्हा सरळ होत नाही.

पोटाच्या गोलाईवर दोन फळ्यांच्या कडा फक्त आतून टेकतात, बाहेर व्ही आकाराची फट राहते. तिथे फळीची कड आतल्या अंगाने किंचित तिरकी घासून घ्या. दोन-तीन वेळा काचपेपर ओढला की पुरे.

चिकटवायला फेविकॉल, बरगडीवर आणि शेजारच्या फळीच्या कडेवर पातळ रेघ. फेवीक्विकचा एखादा थेंब टोकाशी फळी धरून ठेवायला ठीक आहे. सगळी फळी त्याने लावू नका. तो ठिसूळ असतो, हलवायला वेळ देत नाही, आणि लाकडात शिरून जो डाग करतो तो पॉलिशखाली काळसर उमटतो. पितळी पिन अर्धीच मारा, नंतर उपटायची आहे. पूर्ण ठोकली तर बारीक पट्टी नसेवर फाटते. पिनेआधी ०.६ मिमीचं भोक पाडणं बरं.

आतला थर झाला की १२० ने, मग १८० ने घासा. खड्डे लाकडाच्या लांबीने भरा, या थरावर ते दिसणार नाही. दीड मिमीची फळी आहे, जोशात घासली तर बरगडीच्या मध्ये कागदासारखी पातळ होते. घासताना आतून टॉर्च लावा, उजेड लालसर दिसायला लागला की थांबा.

वरचा थर अर्ध्या मिमीच्या व्हिनिअरचा. गणित तेच, पट्ट्या ५ मिमीच्या, पण इथे लांबी लावून काही झाकता येत नाही. भुसा आणि फेविकॉलचं मिश्रण भरलं तर ते पॉलिश पीत नाही आणि फिकट ठिपका राहतो. म्हणून प्रत्येक कड बसवूनच पुढे जा.

डेक

डेक मध्ये किंचित उंच असते, पाणी वाहून जावं म्हणून. १० सेंमी रुंदीला २ मिमी उंची पुरे. बरगड्यांच्या वरच्या कडेला हा बाक कापतानाच दिला असेल तर १ मिमी प्लाय त्यावर आपोआप वळतो. त्यावर हेद किंवा शिवणीच्या ४ मिमी पट्ट्या. खऱ्या फळ्यांच्या सांध्यात भरण असतं, त्याची काळी रेघ दाखवायला पट्टीच्या एका कडेला ४बी पेन्सिल ओढा. मार्कर नको. स्पिरिटचं पॉलिश लागताच त्याची शाई लाकडात पसरते आणि सगळी डेक मळकट होते.

डोलकाठी, परभाण, शीड

डोलकाठी गोल दांड्यापासून करू नका, ते बहुतेक वाकडे असतात. सरळ नसेची ६ मिमी चौरस काठी घ्या. चौकोनाचा अष्टकोन करताना बाजूचे २४ भाग धरा. ७, १०, ७ अशा खुणा. कोपऱ्यातले ७-७ तासले की आठ सारख्या बाजू येतात. मग सोळा, मग काचपेपरने गोल. बुडाशी ६ मिमी, शेंड्याला ४. संखेडा जवळ आहे, तिथले खरादी सागवानाचं सुंदर काम करतात, पण ३५ सेंमी लांब आणि ६ मिमी जाड काठी खरादावर मधोमध थरथरते आणि पिळते. पाण्याची पिंपं, रहाटाचे दांडे असं बुटकं काम त्यांच्याकडून करून घ्या.

मचव्याची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असते. ती चूक समजून सरळ करू नका. शीड टांगायचा लांब तिरका वासा म्हणजे परभाण. हा बहुधा दोन तुकडे एकमेकांवर ठेवून दोरीने बांधलेला असतो. २४ सेंमीचे दोन तुकडे १० सेंमी एकमेकांवर चढवले की ३८ सेंमीचं परभाण होतं. टोकं निमुळती.

शिडाला मंगळबाजारात दाट विणीचं पातळ सुती कापड घ्या, कँब्रिक चांगलं. मलमलीचे धागे विरळ असतात, या प्रमाणात ते जाळ्यासारखे दिसतात. आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा. खरं शीड ६० सेंमीच्या पट्ट्या जोडून केलेलं धरलं तर आपल्याकडे दर २० मिमीला एक शिवण. मशीनवर सर्वात बारीक टाका, कापडापेक्षा एक छटा गडद दोरा. चहाच्या पाण्यात बुडवून रंग द्या, पांढरंशुभ्र शीड खोटं वाटतं. मग एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी लावून फुगलेल्या आकारात, फुगवलेल्या फुग्यावर टेकवून वाळवा. फुग्यावर आधी प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळा, नाहीतर कापड चिकटून येतं.

दोर

खरा २४ मिमी जाडीचा दोर १:३० ला ०.८ मिमी. उत्तरायणाआधी गेंडीगेटच्या बाजारात काच न लावलेला कोरा सुती दोरा मिळतो, तो बारीक दोरांना आणि तीनपदरी पिळून जाड दोरांना चालतो. मांजा कधीही नको, काच लाकडाला आणि बोटांना कापते. दोरा मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढा आणि बोटांच्या उबेने मेण जिरवा, म्हणजे उभे राहिलेले धागे बसतात आणि धूळ कमी धरते. गाठ मारल्यावर पातळ फेविकॉलचा थेंब, मगच शेपटी कापा.

दोर तंबोऱ्यासारखे ताणू नका. सुती दोरा दमट हवेत आक्रसतो, आणि ऑगस्टमध्ये तोच दोर परभाणाला धनुष्यासारखं वाकवतो. बोटाने दाबल्यावर दोन-तीन मिमी हलेल इतका ढिला ठेवा.

पॉलिश आणि ठेवण

२४० आणि ३२० ने घासून धूळ ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या ब्रशने झाडा. चपड्या लाखेचं स्पिरिटमध्ये केलेलं पातळ पॉलिश, मऊ फडक्याने तीन हात, दर दोन हातांच्या मध्ये ३२० चा हलका काचपेपर. पावसाळी दिवशी लावलं तर हवेतला ओलावा अडकून पांढुरका ढग येतो. तो आला तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटच्या फडक्याने एकदा हलकेच पुसा, बहुतेक वेळा उतरतो. घरात कुणी ओढत असेल, देवापुढे दिवा असेल, तर स्पिरिटचं काम दुसऱ्या खोलीत.

जहाज काचेच्या पेटीत ठेवा, पण पेटी हवाबंद नको. मागच्या पाटीला खाली दोन आणि वर दोन अशी ८ मिमीची भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा. बंद पेटीत उन्हाने काचेवर ओल धरते आणि शिडाला बुरशी येते. खिडकीसमोरची भिंत टाळा. बांबूचा कच्चा भाग कुठे उघडा राहिला असेल तर तिथून पिठासारखा भुसा गळतो का हे दर पावसाळ्यानंतर पाहा. गळत असेल तर भुंगा लागला आहे. तो भाग काढून नवा बसवा, आणि नवी खुंटी लावण्याआधी बांबू उकळून पूर्ण वाळवून घ्या.